किल्ली हातात देण्याआधी

भोकरात बसस्थानकाच्या मागे नाहीतर रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला कुणाच्या घरी दोन दिवसांसाठी खोली मागून बघा. पहिला प्रश्न येतो, गाव कोणतं? दुसरा, आडनाव काय? सोबत बाई असेल तर तिसरा, ह्या कोण? पुढचे प्रश्न येतच नाहीत. किती माणसं राहणार, खोली किती वाजता सोडणार, रात्री भेटायला कोण येणार, दारू पिणार का, गाणी लावणार का, काही फुटलं तर कोण भरून देणार, यातलं एक अक्षर कुणी काढत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक तडकलेलं बेसिन दाखवतो आणि म्हणतो, गिऱ्हाईक खराब निघालं.

मला त्यात घरमालकाचा दोष जास्त दिसतो. या आठवड्यात त्याच्याशीच बोलायचं आहे.

हा धंदा आता आपल्या गावात रुजला आहे, हे आधी मान्य करू. पोरं पुण्याला गेली, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या, त्यात पलंग-गाद्या टाकल्या, गिझर बसवला आणि खोल्या दिवसावर द्यायला सुरुवात झाली. गिऱ्हाइकाला तोटा नाही. नांदेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं आपलं गाव. पुढे हिमायतनगर, सहस्रकुंडाचा धबधबा, किनवट, आणि तिथून माहूरची रेणुका आणि दत्तशिखर. मागे नांदेडचं सचखंड हुजूर साहिब. पलीकडे तेलंगणात बासरची सरस्वती, जिथे लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला घेऊन जातात. शिवाय रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर, औषध कंपन्यांची पोरं, लग्नाची वऱ्हाडं, भरतीला आलेले उमेदवार. पोटाला लागणारा पैसा यातून येतो, त्यात गैर काहीच नाही.

गैर आहे ते आपलं माणूस पारखणं.

त्रास देणारा पाहुणा कोण, हे आपण तोंड पाहून ठरवतो. एकटी आलेली बाई. मुसलमान नाव. जात कळेल असं आडनाव. मंगळसूत्र नसलेली मुलगी आणि तिच्यासोबतचा मुलगा. एवढं दिसलं की ‘खोली शिल्लक नाही’ हे उत्तर ओठांवर तयार असतं. आणि ज्याच्यामुळे गल्लीची रात्र खराब होते तो माणूस पांढऱ्या गाडीतून उतरतो, उतरतानाच एखाद्या साहेबांचं नाव घेतो, दोघांच्या खोलीत सात जण बसवतो, आणि त्याला आपण सगळ्यात हवेशीर खोली उघडून देतो. वर चहा पाठवतो.

बडोद्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातलं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती म्हणून पारशांच्या सराईत उतरले. तिथल्या व्यवस्थापकाने नोंदवहीत पारशी नाव लिहायला लावलं आणि राहण्या-जेवण्याचे दिवसाला दीड रुपया ठरवले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. उरलेला वेळ बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. आपण ही गोष्ट नेहमी अन्यायाची म्हणून वाचतो, आणि तशी ती आहेच. पण जो खोली भाड्याने देतो त्याने ती आपली म्हणून वाचावी. वेळेवर पैसे देणारा, आवाज न करणारा, दिवसभर कामाला जाणारा आणि रात्री पुस्तक उघडून बसणारा पाहुणा होता तो. यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठल्या सराईला मिळालं असेल? त्याला काठ्या दाखवल्या. त्याच्या वागण्याची कुणाचीही तक्रार नव्हती, तक्रार जन्माची होती.

शंभर वर्षं झाली म्हणता? काठ्या गेल्या आहेत. ‘आडनाव काय’ हा प्रश्न जागेवर आहे.

ज्यांना वाटतं की आपलं घर, आपली मर्जी, त्यांनी एवढं ऐकावं. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाचं दुसरं कलम सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कुणालाही दुकान, उपाहारगृह, हॉटेल इथे अडवता येणार नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारला तर १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली एक ते सहा महिन्यांची कैद आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘हॉटेल’ म्हणजे लॉजिंग-बोर्डिंगसुद्धा येतं. घराच्या दारावर दिवसाचं भाडं लावलं, की ‘आमचं खासगी घर आहे’ या बोलण्यात फार दम उरत नाही.

आणि ते लग्न न झालेलं जोडपं? २०१९ साली कोइम्बतूरमध्ये दिवसावर भाड्याने दिल्या जाणाऱ्या एका सर्व्हिस अपार्टमेंटला प्रशासनाने सील ठोकलं. कारण काय, तर एका खोलीत अविवाहित जोडपं होतं आणि दुसऱ्या खोलीत दारूच्या बाटल्या सापडल्या. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की दोन सज्ञान अविवाहित माणसांनी हॉटेलच्या खोलीत राहण्याला बंदी करणारा कायदाच नाही, आणि सील काढायला लावलं. तरी २०२५च्या जानेवारीत ओयो कंपनीने मेरठपासून सुरुवात करून आपल्या भागीदार हॉटेलांना अशा जोडप्यांना नाकारण्याची मुभा दिली. एवढी मोठी कंपनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भीतीने मागे सरली, म्हणून भोकरच्या घरमालकाने तिचा कित्ता गिरवायची गरज नाही. सज्ञान आहेत का, हे ओळखपत्रावरच्या जन्मतारखेवरून बघा. दोघांचंही ओळखपत्र बघा. तिथे तुमचा अधिकार संपतो.

आता खऱ्या त्रासाकडे वळू.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे साहेबांचा माणूस. साहेब कोणत्या पक्षाचे, याला महत्त्व नाही. भोकर हे राजकारणाचं गाव आहे, मुख्यमंत्री निवडून दिलेलं गाव आहे. इथे प्रत्येक जण कुणाचा तरी माणूस असतो. तो आगाऊ पैसे देत नाही, कारण ‘पैशाचं काय घेऊन बसलात’. ओळखपत्र देत नाही, कारण ‘ओळखलं नाही का’. आणि रात्री अकराला चौघांना अजून बोलावतो. घरमालक गप्प बसतो, कारण उद्या नगरपरिषदेत काम पडेल, तहसिलात काम पडेल.

माझं म्हणणं असं की या माणसाला दारातच एक वाक्य सांगावं, आणि ते हसून सांगावं: ‘साहेबांचा मान आहेच, पण खोली दोघांची आहे, भाडं आधी आहे आणि वहीत नाव लिहावं लागतं, ठाण्याचा नियम आहे.’ हे बोलायला जीवावर येतं, हे मला कळतं. पण एकदा बोललं की ते सोपं होतं, आणि दुसऱ्या वेळी तोच माणूस खिशातून आधार कार्ड काढून येतो. जो एवढ्यावर चिडून निघून जातो, त्याच्या जाण्याने तुमचं एका दिवसाचं भाडं बुडतं. तो राहिला असता तर चादर, बेसिन, शेजाऱ्यांचे संबंध आणि रात्रीची झोप एवढं बुडालं असतं. साहेबांपर्यंत तक्रार जाईल ही भीतीही मनातून काढा. आपलं नाव वापरून फुकट खोली उपटणारा कार्यकर्ता कोणत्याच साहेबाला नको असतो.

दुसरा त्रास आवाज न करता येतो. गुत्तेदाराकडे कामाला असलेला इंजिनिअर येतो, सुशिक्षित, गोड बोलणारा. ‘आठ दिवसांचं काम आहे.’ आठाचे पंधरा होतात, पंधराचे दोन महिने होतात, त्याची बायको-लेकरं येतात, गॅसची टाकी येते. भाडं सुरुवातीला रोजचं, मग आठवड्याचं, मग ‘बिल निघालं की देतो’. घरमालक खूश असतो, कायमचं गिऱ्हाईक मिळालं म्हणून. मग एक दिवस खोली रिकामी करा म्हटलं की तो म्हणतो, मी भाडेकरू आहे, कोर्टात या.

इथे कायदा नीट समजून घ्या, कारण याच जागी आपल्याकडची घरं अडकतात. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं ५५वं कलम सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. असा करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणारा जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तुम्ही म्हणालात ‘रोजचे सातशे, आठ दिवसांसाठी’, आणि तो म्हणाला ‘महिन्याचे तीन हजार, दोन वर्षांसाठी’, तर खोटं ठरवण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर. हॉटेल किंवा लॉजमधली खोली या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे खरी, पण आपली जागा लॉजसारखीच चालवली जाते हे दाखवायला वही लागते, रोजची पावती लागते, आलेल्या-गेलेल्याची तारीख लागते. ती नसेल तर तुमची खोली आणि साधं भाड्याचं घर यात कोर्टाला फरक कसा दिसणार?

तेव्हा दिवसावर दिलेल्या खोलीला शेवटची तारीख आधी लिहा. मुक्काम वाढवायचा तर नवी पावती फाडा, नवे पैसे आधी घ्या. आणि महिन्यांचा मुक्काम दिसू लागला की सरळ लिव्ह अँड लायसन्सचा करार करून नोंदवा. त्याला लागणारा खर्च आणि एक दिवसाची धावपळ, कोर्टाच्या एका तारखेपेक्षा कमीच पडते.

आपल्याला अटी घालायची लाज वाटते, हे मूळ दुखणं आहे. दारात आलेल्याला आधी पाणी, मग चहा, मग जेवण, ही आपली रीत; ती चांगली आहे आणि टिकावी. पण पैसे घेऊन खोली देताना अटी सांगणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, असं आपण धरून बसतो. लग्नात वऱ्हाडाला जानवसघर द्यायचो तेव्हा वरपक्षाच्या प्रत्येक रुसव्याला मुलीकडच्यांनी मान तुकवायची, हे पिढ्यान्पिढ्या चाललं. तीच मान आता भाडं देणाऱ्यापुढे तुकवली जाते. वऱ्हाडी सोयरे होते. त्यांच्याशी आयुष्यभराचं नातं होतं. दोन रात्रींचं भाडं देणाऱ्याशी तुमचं नातं व्यवहाराचं आहे, आणि व्यवहारात स्पष्ट बोलणं हाच मान.

खात्री पटत नसेल तर नांदेडला जाऊन बघा. गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं देशभरातल्या आणि परदेशातल्या माणसांनी भरलेली असतात. २००८ साली गुरु-ता-गद्दीची तीनशे वर्षं साजरी झाली, तेव्हा लाखोंनी माणसं आली आणि शहराने ती सामावून घेतली. तिथे सेवाभाव किती आहे हे सांगायची गरज नाही. लंगरात कुणालाही जात विचारत नाहीत. पण तंबाखू चालत नाही, दारू चालत नाही, आणि हे आधीच सांगितलेलं असतं. नियम सांगितल्यामुळे तिथल्या पाहुणचाराला उणेपणा आल्याचं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. जात न विचारणं आणि तंबाखू न चालवणं, या दोन्ही गोष्टी एकाच दारात जमतात. आपल्या दोन खोल्यांच्या दारातही जमाव्यात.

तिथलीच आणखी एक आठवण जागी ठेवावी. २०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडात अडकले. यायला दोन-तीन दिवसांसाठी आले होते, राहिले महिनाभराहून अधिक. एप्रिलच्या अखेरीस पंजाब सरकारच्या बसगाड्या येऊन त्यांना घेऊन गेल्या. परत गेल्यावर त्यांच्यातल्या हजाराहून अधिक जणांना करोनाची लागण झालेली निघाली आणि दोन राज्यांत दोषारोप सुरू झाले. पण त्या महिनाभरात त्यांना खोली सोडा म्हणून कुणी रस्त्यावर काढलं नाही, लंगर चालू राहिलं. मुदत संपूनही न जाणारा प्रत्येक माणूस अडेलतट्टू नसतो. काही जण अडकलेले असतात. रेल्वे रद्द झाली, पैनगंगेला पूर आला, आई दवाखान्यात भरती झाली, अशा माणसाला एक रात्र जास्त देताना नियमाचा कागद पुढे करू नये. ज्याला हा फरक कळत नाही त्याने हा धंदा करू नये, असं माझं ठाम मत आहे.

रात्रीचा प्रसंग आलाच, तर काय करावं? बाटल्या फुटल्या, स्पीकर लागला, शेजारचे काका गॅलरीत येऊन उभे राहिले. बहुतेक मालक या वेळी एकतर दार लावून बसतात, नाहीतर भावकी गोळा करून वर चढतात. दोन्ही वाईट. खोली ज्याच्या नावावर आहे त्या एकट्याला खाली बोलवा आणि मित्रांच्या देखत बोलू नका. प्यालेला माणूस चारचौघांत माघार घेत नाही. शांतपणे एकदाच सांगा: आवाज बंद, जास्तीची माणसं बाहेर. वेळेचा दाखला द्या. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर वाजवता येत नाही, आणि वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबल कुणी मोजत बसणार नाही, पण दहाचा ठोका सगळ्यांना कळतो. ऐकलं नाही तर वाद वाढवू नका, ११२ लावा. पोलीस आले की गावात नाव खराब होईल, ही भीती खरी आहे; पण मारामारी होऊन आले तर ते जास्त खराब होतं.

हा प्रश्न आपल्याच गावाचा नाही. लोणावळा-अलिबागच्या बंगल्यांच्या शेजाऱ्यांना शनिवार-रविवारचं विचारा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओरिंडा गावी २०१९च्या ऑक्टोबरअखेर एका भाड्याच्या घरात पार्टी झाली, घर एअरबीएनबीवरून घेतलेलं होतं, गोळीबार झाला आणि पाच जणं गेली. त्यानंतर कंपनीने आधी पार्ट्यांवर निर्बंध घातले आणि २०२२ साली कायमची बंदी केली. तिथे एवढं घडल्यावर जो नियम आला, तो आपण आधीच कागदावर लिहू शकतो.

संतापाच्या भरात काय करू नये, हे जास्त महत्त्वाचं. बाहेरून कडी लावू नका. कुणालाही कोंडून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या १२७व्या कलमाखाली गुन्हा आहे. बॅग अडकवून ठेवू नका, मोबाइल काढून घेऊ नका. मध्यरात्री पाणी-लाइट तोडू नका, त्यातही बाई किंवा लेकरू असेल तर मुळीच नाही. तुमची बाजू बरोबर असते ती या एका कृतीने बुडते. उलट सांगूनही न निघणारा, वर धमकावणारा माणूस स्वतः गुन्ह्यात येतो. परवानगीने आत आलेला माणूस धमकावण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी तिथेच ठाण मांडून बसला तर तोही गुन्हेगारी अतिक्रमण करतो, असं त्याच संहितेचं ३२९वं कलम म्हणतं. तेव्हा कायद्याला त्याच्या अंगावर जाऊ द्या, तुम्ही जाऊ नका.

खोलीत छुपा कॅमेरा बसवणाऱ्यांबद्दल वेगळं लिहायची इच्छा होत नाही. ‘नजर ठेवायला’ असं ते म्हणतात. तो गुन्हा आहे आणि नीचपणा आहे. कॅमेरा फाटकावर लावा, जिन्यावर लावा, आणि लावला आहे हे पाटीवर लिहा.

ओळखपत्राचंही आपण वाटोळं केलं आहे. आधारची झेरॉक्स घ्यायची आणि ती टेबलाच्या खणात, वाणसामानाच्या बिलात, कुठेही टाकायची. मूळ कार्ड बघा, नाव-पत्ता-फोन वहीत लिहा, प्रत हवीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा. परदेशी पासपोर्टवर आलेला माणूस असेल, आणि हुजूर साहिबमुळे आपल्या भागात कॅनडा-इंग्लंडची माणसं येतात, तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत यंत्रणेला ऑनलाइन कळवावी लागते. घरात ठेवलं तरी. हे न कळवल्यामुळे उद्या अडचण आली तर ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही.

आणि कृपा करून ते व्हॉट्सअॅप ग्रुप बंद करा. ‘हे गिऱ्हाईक खराब, कुणी खोली देऊ नका’ म्हणून फोटो, आधार, गाडीचा नंबर शंभर जणांत फिरवला जातो. खाली दुसरा लिहितो, ‘आडनावावरूनच कळतं’. एका मालकाचं भांडण असतं, शिक्षा गावभराची होते, त्या माणसाला उत्तर द्यायची जागा नसते. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशाने केला तो ओळखपत्रं अशी चव्हाट्यावर येऊ नयेत म्हणूनही. नुकसान झालं असेल तर ठाण्यात तक्रार द्या, ऑनलाइन बुकिंग असेल तर तिथे जे घडलं तेवढंच लिहा. चादर फाडली तर चादर फाडली लिहा, जात लिहू नका.

एक गोष्ट या धंद्यात कुणी बोलत नाही. पाहुणा रात्री ओकतो, सकाळी ते कोण पुसतं? मालक पुसत नाही. धुणीभांडी करणारी बाई पुसते, तिला महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात आणि या घाणीचं वेगळं काही मिळत नाही. काही घरांत ती बाई म्हणजे घरातलीच सून असते, तिला तेवढंही मिळत नाही. शिवाय मालक शेतात किंवा नांदेडला गेलेला असताना वरच्या खोलीतल्या चार अनोळखी पुरुषांना चहा नेऊन देणारीही तीच. खोली देताना अनामत रक्कम घ्यावी, ती बेसिनसाठी आहेच. पण त्यातून कापलेले सफाईचे पैसे त्या बाईच्या हातात पडले पाहिजेत. आणि कोणत्या पाहुण्याला खोली द्यायची नाही, हे ठरवताना तिचा शब्द शेवटचा धरा. खरा त्रास तिने पाहिलेला असतो, आणि तो कोणत्या आडनावाकडून झाला याची यादी मागितलीत तर तीत सगळी आडनावं निघतील.

नवरात्रात माहूरची गर्दी होईल, मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेची होईल, लग्नसराई येईल. त्याआधी एक कागद मराठीत लिहा आणि खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. भाडं आधी. माणसं किती. यायची आणि जायची वेळ. दारू चालते की नाही. दहानंतर आवाज नाही. अनामत किती. नुकसान झालं तर काय. सात ओळी पुरतात, आणि त्या किल्ली देण्याआधी वाचून दाखवा. त्यात आठवी ओळ जातीची, धर्माची किंवा लग्नाची घालणार असाल, तर खोलीला कुलूप लावा आणि हा धंदा सोडून द्या.